एका कवीच्या दोन वह्या

ग्रंथसंग्रहालयांत पुस्तकांचीं कपाटें भाषेप्रमाणें लावलेलीं असतात. रीत सोयीची आहे. वाचकासहि आणि ग्रंथपालासहि. परंतु एखादा ग्रंथकार असा निघतो कीं, त्याच्यापुढें ही सोय लंगडी पडते. मुंबईचे कवि अरुण कोलटकर हे अशांपैकीं एक होत. 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण' हीं त्यांचीं पुस्तकें मराठी कपाटांत शोधावीं लागतात. 'जेजुरी', 'काळा घोडा पोएम्स', 'सर्पसत्र' हीं इंग्रजी कपाटांत. दोन कपाटांमधील अंतर पांचपंचवीस पावलांचें असेल. पण तेवढ्या अंतरांत एका माणसाचे दोन कवि झाले आहेत, आणि बहुतेक वाचक त्यांपैकीं एकालाच ओळखतात.

मराठी रसिकांच्या बैठकींत त्यांचें नांव निघालें म्हणजे कोणी तरी हळूच म्हणतो, कवि मोठा खरा, पण इंग्रजीकडे गेला. उलट, इंग्रजीच्या वर्गांत 'जेजुरी' शिकणाऱ्या विद्यार्थ्यास या कवीनें मराठींत कांहीं थोडेंबहुत लिहिलें असावें, यापलीकडे पुष्कळदां वार्ता नसते. प्रत्यक्षांत मराठी लेखनाचाच पसारा अधिक आहे. या दोन समजुतींपायीं नुकसान कोणाचें होतें? माझ्या मतें मुख्यतः मराठीचें. कारण आपला कोण आणि परका कोण हें नुसत्या भाषेवरून ठरविण्याच्या भरांत आपण आपलाच अर्धा कवि दुसऱ्याच्या पदरांत टाकून मोकळे होतों. कोलटकर कोणत्या भाषेंत लिहीत आहेत यावरून ते कोठें उभे आहेत हें मुळींच कळत नाहीं, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे; आणि त्यासाठीं त्यांच्या पुस्तकांची थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे.

कोलटकरांचा जन्म १९३१ सालीं कोल्हापुरास झाला. शिक्षण तेथील राजाराम हायस्कुलांत, मराठींतून. १९४९ सालीं ते चित्रकला शिकण्यासाठीं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें आले आणि पुढें जाहिरातींची चित्रमांडणी हा त्यांचा पोटाचा धंदा झाला. हा धंदा बहुतेक इंग्रजींतून चालणारा. त्यांत त्यांनीं मोठें नांव मिळविलें. राहणी मात्र शेवटपर्यंत साधी. अखेरच्या वर्षांत प्रभादेवीस एका खोलीचें घर. घरांत टेलिफोन नाहीं. प्रभादेवी ही दादर आणि परळ यांना लागून असलेली, जुन्या गिरण्यांच्या शेजारची वस्ती. आणि दर गुरुवारीं दुपारीं मित्रमंडळी जमावयाची ती तेथून सुमारें दहा किलोमीटरांवर, काळ्या घोड्याजवळील 'वेसाइड इन' या उपाहारगृहांत. बाजारांत मराठी, कचेरींत इंग्रजी, आणि रस्त्यावर मुंबईची ती हिंदी, जिला व्याकरण नाहीं पण जिच्यावांचून टॅक्सी थांबत नाहीं. या तिसऱ्या भाषेंतहि कोलटकरांनीं कविता केली आहे. थकलेला पगार मागणाऱ्या एका उडाणटप्पूच्या तोंडचें तें बोलणें आहे. आणि तेंच त्यांनीं स्वतः अमेरिकन धाटणीच्या इंग्रजींत उतरविलें. ज्याला हा प्रकार चमत्कारिक वाटेल त्यानें गिरगांवांतून बोरीबंदरापर्यंत एकदां कान उघडे ठेवून चालत जावें. कविता चमत्कारिक नाहीं. शहरच तसें बोलतें.

१९५४ सालीं कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ वगैरे तरुणांनीं 'शब्द' नांवाचें पत्र काढलें. चित्रे त्या वेळीं पंधरा-सोळा वर्षांचे होते. छापखान्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, म्हणून अंक सायक्लोस्टाइल यंत्रावर निघत. मेणकागदावर अक्षरें कोरावयाचीं आणि त्यावरून शाईचा रूळ फिरवावयाचा. या जातीच्या पत्रांस मराठींत पुढें 'अनियतकालिकें' हें मोठें समर्पक नांव पडलें, कारण पुढचा अंक केव्हां निघेल हें संपादकासहि ठाऊक नसे. मराठी साहित्याची मान्यताप्राप्त अभिरुचि त्या काळीं गिरगांवांत, खटाववाडींतील मौज आणि तिची 'सत्यकथा' यांच्याकडे होती. तिच्यासंबंधीं मला आदर आहे. परंतु या तरुणांस जें लिहावयाचें होतें त्यास वेशीबाहेरची मोकळी जागा हवी होती. ते फ्रेंच आणि अमेरिकन कवि वाचीत, आणि त्याच बैठकींत तुकोबा वाचीत. १९६६ सालीं निसिम इझिकेल यांच्या 'पोएट्री इंडिया'मध्यें कोलटकरांनीं इंग्रजी केलेले तुकोबांचे अभंग छापले गेले. म्हणजे ज्या माणसावर पुढें 'इंग्रजीकडे गेला' असा शिक्का बसला, तो इंग्रजीकडे जातांना तुकोबांस खांद्यावर घेऊन गेला होता.

आतां 'जेजुरी'ची हकीकत. जेजुरी हें पुणें जिल्ह्यांतील खंडोबाचें क्षेत्र. कोलटकरांस त्याची ओळख झाली ती एका पुस्तकांतून. महाराष्ट्रांतील देवळें व त्यांच्या दंतकथा असा त्या पुस्तकाचा विषय होता. जागा पाहण्यासारखी वाटली म्हणून १९६३-६४ च्या सुमारास आपले एक बंधु आणि मनोहर ओक हे लेखकमित्र यांच्यासह ते तेथें गेले. त्या फेरींतून निघालेली एक कविता एका अनियतकालिकानें छापली, पण हस्तलिखित संपादकाच्या हातून गहाळ झालें. पुढें कित्येक वर्षांनीं कोलटकरांनीं विषय पुन्हां नव्यानें हातीं घेतला आणि इंग्रजी कवितांची संपूर्ण मालिका लिहिली. ती १९७४ सालीं एका इंग्रजी त्रैमासिकांत आली आणि १९७६ सालीं पुस्तकरूपानें निघाली. प्रकाशक होते 'क्लिअरिंग हाउस'. म्हणजे आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गिव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर, असे चार कवि. पुस्तकाचें मुखपृष्ठहि कोलटकरांचेंच. १९७७ सालीं त्यास राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळालें. त्याच १९७७ सालीं अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनानें 'अरुण कोलटकरच्या कविता' हा त्यांचा पहिला मराठी संग्रह काढला. एकाच वर्षीं एका भाषेंत पारितोषिक आणि दुसऱ्या भाषेंत पदार्पण, असा हा योग आहे. जग मात्र पारितोषिकाकडे पाहात राहिलें.

'जेजुरी'वर मराठींतून जो आक्षेप आला तो हलका नव्हता. भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या जाणत्या लेखकानें असें म्हटलें कीं, ही मुंबईहून आलेल्या प्रवाशाची दृष्टि आहे. ती देवाला आणि त्याच्या भक्तांस बाहेरून पाहते. क्षेत्र महाराष्ट्राचें, श्रद्धा धनगर-कुणब्यांची, आणि भाषा मात्र ज्यांना ही श्रद्धा ठाऊक नाहीं त्यांची, हा आक्षेपाचा गाभा. त्यांत सत्यांश आहे. त्या पुस्तकांतील माणूस खरोखरच प्रवासी आहे. तो एस. टी.च्या बसनें येतो आणि शेवटीं रेल्वेच्या फलाटावर गाडीची वाट पाहात उभा राहतो. परंतु हें त्यानें लपविलेलें नाहीं. पुस्तकाचा विषयच तो आहे. ज्याला धड श्रद्धाहि नाहीं आणि धड तिरस्कारहि नाहीं, असा मुंबईकर देवाच्या दारीं गेला असतां त्याचें काय होतें, हें तो पाहतो. एक म्हातारी पैशासाठीं त्याच्या मागें लागते. ती तिच्या एका प्रश्नानें त्याला असा खुजा करून टाकते कीं, तो तिच्या हातांतील चिल्लरीएवढाच उरतो. बाहेरून पाहणारा माणूस आपण बाहेरचे आहों हें ओळखून लिहितो, तेव्हां तें लेखन परकें ठरत नाहीं. मुंबईंतील मराठी माणसाची निम्मी गोष्ट हीच आहे. गांवची जत्रा त्याची असते, आणि परतीच्या गाडीचें तिकीटहि खिशांत असतें.

आणि खंडोबा तरी एका भाषेचा देव आहे काय? कर्नाटकांत तो मैलार, आंध्र-तेलंगणांत मल्लन्ना, आणि मुसलमान भक्तांच्या तोंडीं मल्लूखान. त्याच्या दोन बायका; म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि बाणाई धनगराची. त्यांचीं भांडणें वाघ्यामुरळीच्या गाण्यांतून आजहि रंगतात. 'दोन बायका फजिती ऐका' ही म्हण जशी त्या देवाला लागू, तशीच दोन भाषांच्या कवीला. दोन्ही घरीं विचारणा एकच, काल कोठें होतां?

दोन भाषांत लिहिणें ही मुंबईच्या इंग्रजी शाळांनीं लावलेली खोड आहे, अशीहि एक समजूत आढळते. इतिहास निराळें सांगतो. नामदेवांचीं एकसष्ट पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबांत आहेत, आणि तीं मराठी नव्हेत. तेवढ्यावरून नामदेव पंजाबकडे गेला असें पंढरपुरांत कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. एकनाथांच्या हिंदु-तुर्क संवादांत तुर्क आपल्या बोलींत बोलतो आणि हिंदु मराठींत. गोमंतकांत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहून गेला, आणि तें १६१६ सालीं छापलें गेलें. त्याला आपण मराठी कपाटांत मानाची जागा दिली. म्हणजे इंग्रजानें मराठींत लिहिलें तर तें आपलें, आणि कोल्हापूरच्या माणसानें इंग्रजींत लिहिलें तर तें परकें, हा कोठला न्याय? अलीकडचें उदाहरण हवें असेल तर बा. सी. मर्ढेकरांचें घ्यावें. ते नभोवाणीच्या नोकरींत होते, त्यामुळें या ठिकाणीं त्यांचें स्मरण होणें साहजिक आहे. १९३७ सालीं त्यांचा कलामीमांसेवरचा ग्रंथ इंग्रजींत निघाला, आणि १९४७ च्या 'कांहीं कविता'मध्यें त्यांनीं अभंगाच्या जुन्या चालींत मुंबईचे पिंप, पंक्चर आणि गिरण्या आणून बसविल्या. त्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले. शब्द कोठून आला, यावरून कवितेची जात ठरविण्याची आपली संवय तेव्हांहि होतीच.

शिवाय, मराठी कपाटांतील सगळी मराठी तरी एक आहे काय? नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ च्या सुमारास निघाला. कामाठीपुऱ्याच्या आसपासच्या वस्तींत वाढलेल्या कवीचें तें पुस्तक. त्याला प्रस्तावना लिहिली विजय तेंडुलकरांनीं, आणि तेंडुलकरांसारख्या भाषेच्या जाणकारासहि त्यांतील कित्येक शब्दांचे अर्थ कवीकडून समजावून घ्यावे लागले. गिरगांवापासून कामाठीपुरा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एवढ्या अंतरांत मराठीला दुभाष्या लागतो. ज्याला 'गोलपिठा' आपला वाटतो, आणि तो आपला वाटलाच पाहिजे, त्यानें 'काळा घोडा' परका म्हणून दूर सारण्यापूर्वीं थोडें थांबावें.

त्या पुस्तकाकडे वळण्यापूर्वीं एका लांब मौनाची गोष्ट सांगितली पाहिजे. १९७७ नंतर सव्वीस वर्षें कोलटकरांचें नवें मराठी पुस्तक निघालें नाहीं. लेखन चालूच होतें. कवितांवर कविता सांठत होत्या, परंतु त्या छापावयास देण्याची त्यांस घाई नव्हती. मग २००३ सालीं 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही', २००४ सालीं 'द्रोण', आणि त्याच वर्षीं इंग्रजी 'काळा घोडा पोएम्स' व 'सर्पसत्र', अशीं पांच पुस्तकें एकापाठोपाठ प्रासनें काढलीं. प्रकृति ढासळत चालली होती. २५ सप्टेंबर २००४ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें. दुसऱ्या वर्षीं, २००५ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक 'भिजकी वही'स मिळालें.

या पांच पुस्तकांचे विषय शेजारीं शेजारीं मांडून पाहावेत. 'भिजकी वही'त कोण येतें? अलेक्झांड्रियांत जमावानें ठार केलेली विदुषी हिपेशिया, इजिप्तची इसिस, ट्रॉयची कॅसान्ड्रा, अरबांची लैला, पतीच्या कविता पाठ करून जिवंत ठेवणारी रशियाची नादेझ्दा मांडेलश्ताम, १९७२ सालच्या छायाचित्रांत व्हिएतनामच्या रस्त्यावरून भाजल्या अंगानें धांवणारी किम. जगांतील रडणाऱ्या स्त्रियांची ही वही आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींतून कोरड्या निघाल्या अशी कथा आहे; ही वही मात्र भिजलेलीच राहिली आहे, आणि नांवांतील खोंच ती हीच असावी असें मला वाटतें. इतका सगळा परदेश कोलटकरांनीं आणला तो मराठींत. आणि इंग्रजींत त्यांनीं काय लिहिलें? खंडोबाची जेजुरी, आणि काळ्या घोड्याचा फुटपाथ. जनमेजयाच्या सर्पसत्राची कथा तेवढी त्यांनीं दोन्ही भाषांत सांगितली. मराठी रूप 'भिजकी वही'त आहे, इंग्रजीचें स्वतंत्र पुस्तक झालें. घरचें इंग्रजींत, जगाचें मराठींत, आणि महाभारत दोन्हींत! जो भाषेवरून कवीचा पत्ता शोधूं जाईल तो हमखास चुकीच्या दारावर थाप मारील.

काळा घोडा हें नांवहि मौजेचें आहे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतांनाचा, अश्वारूढ पुतळा आल्बर्ट ससून यांनीं शहरास दिला आणि १८७९ सालीं तो तेथें उभा राहिला. लोकांनीं स्वार सोडून घोड्याचें नांव चौकास दिलें. १९६५ सालीं पुतळा हलवून भायखळ्यास राणीच्या बागेंत नेला. घोडा गेला तरी नांव राहिलें. आणि २०१७ सालीं तेथें नवा घोडा बसविण्यांत आला तो स्वाराशिवाय. मधल्या काळांत कोलटकर 'वेसाइड इन'च्या खिडकीशेजारीं बसून समोरचा त्रिकोणी चौक पाहात असत. ते उपाहारगृहहि आतां राहिलेलें नाहीं. त्यांना जें दिसलें तें असें: सकाळीं इडलीची पातेली घेऊन येणारी बाई आणि तिच्याभोंवतीं गोळा होणारे उपाशी लोक, कचरा गोळा करणाऱ्या बायका, फुटपाथवर न्हाऊं घातलीं जाणारीं पोरें, आणि समोरच्या ग्रंथालयाच्या दर्शनी भागावरून हें सगळें न्याहाळणारा दगडी डेव्हिड ससून. यांपैकीं बहुतेकांस इंग्रजी कवितेंत काय, मराठी कवितेंतहि कोणीं फारसें बसावयास बोलाविलें नव्हतें.

त्या पुस्तकाच्या आरंभींच चौकांत पहुडलेला एक गांवठी कुत्रा आपली वंशावळ सांगतो. आईकडून तो बार्टल फ्रिअर साहेबांनीं १८६४ सालीं विलायतेहून आणविलेल्या तीस शिकारी कुत्र्यांपैकीं जगून राहिलेल्या एका कुत्रीचा वंशज. बापाकडून, युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालत गेलेल्या कुत्र्याचा. दोन्ही घराणीं तो सारख्याच डौलानें सांगतो, आणि दोहोंपैकीं कोणतें खरें हें विचारण्याची सोय ठेवीत नाहीं. मुंबईच्या संस्कृतीवर पुष्कळ व्याख्यानें ऐकलीं आहेत. या कुत्र्याइतकें नेमकें बोललेलें मला तरी आठवत नाहीं.

दिलीप चित्रे यांचें नांव वर आलें आहे. १९९४ सालीं त्यांस साहित्य अकादमीचीं दोन पारितोषिकें लाभलीं. एक स्वतःच्या मराठी कवितेसाठीं, दुसरें तुकोबांच्या इंग्रजी भाषांतरासाठीं. चित्रे दोन भाषांमध्यें पूल बांधीत. तुकोबा आणि ढसाळ हे दोघेहि त्यांनीं इंग्रजींत नेले. कोलटकरांची तऱ्हा वेगळी. ते पूल बांधीत बसले नाहींत, दोन्ही तीरांवर घर करून राहिले. स्वतःचीच कविता दुसऱ्या भाषेंत नेतांना ते ती पुन्हां लिहीत. मुळांतील ओळ जागेवर राहील याची हमी नसे. त्यांची मराठी 'जेजुरी' त्यांच्या पश्चात् कांहीं वर्षांनीं प्रासनेंच प्रसिद्ध केली. तिला इंग्रजी 'जेजुरी'चें भाषांतर म्हणतां येत नाहीं, आणि इंग्रजी 'जेजुरी' हें तरी तिचें भाषांतर कोठें आहे? क्षेत्र एक, देव एक, आणि पुस्तकें दोन.

ज्या श्रोत्यांनीं यांतील कांहींच वाचलेलें नाहीं, त्यांनीं माझ्या मतें 'चिरीमिरी'पासून आरंभ करावा. तींतील बळवंतबुवा हे भजनी गृहस्थ गप्पिष्ट आहेत, आणि समाजानें ज्यांना वाळींत टाकलें अशा बायका घेऊन पंढरपुरास निघण्याची त्यांना लाज नाहीं. स्वतः कोलटकर अर्जुन शेजवळ यांच्यापाशीं पखवाज शिकले होते. तो ठेका त्या पुस्तकांत जागोजाग ऐकूं येतो. मग मराठी 'जेजुरी' घ्यावी. इंग्रजी येत असेल त्यांनीं त्यानंतर इंग्रजी 'जेजुरी' आणि 'काळा घोडा' वाचावा. आणि 'भिजकी वही' सर्वांत शेवटीं, एका बैठकींत नव्हे, एका वेळीं एकच बाई.